घमेल्यांचा फोटो

दाजी, आमच्या धुलाईखान्याची विहीर तुम्ही बुजवलीत. आम्ही नाही, तुम्ही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण तुमच्यासमोर कुणी बोलायला लागलं की तुम्ही मध्येच खांद्यावर हात ठेवता, घरच्यांची चौकशी करता, आणि माणूस दारापर्यंत पोचल्यावर त्याला आठवतं की आपण भांडायला आलो होतो. कागदावर तुमचा हात पोचत नाही.

संसदेत तुम्हाला कुणीतरी विचारलं, मंत्रिमहोदय, तुमच्याच शहरात कपडे धुणाऱ्या बायकांची विहीर बुजवली गेली आणि त्याबदल्यात दिलेल्या नळाला पाणी नाही, हे खरं का? तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. म्हणालात, "ती विहीर आमच्या भगिनींनी स्वतःच्या हातांनी बुजवली. त्यांच्या हातात घमेली असल्याचे फोटो उपलब्ध आहेत." तुमच्या बाजूच्या लोकांनी बाकं वाजवली. मी तुमची सख्खी मेहुणी, टीव्हीसमोर बसल्या बसल्या भगिनी झाले.

फोटो खरा आहे. त्यात सगळ्यांत पुढे मीच आहे, घमेलं कमरेला लावून, बत्तीस दात दाखवत. पण फोटोत माणूस का हसतोय ते दिसत नाही. आणि त्या फोटोच्या जोरावर आता नगरपालिकेनं धुलाईखान्याच्या फाटकावर नोटीस चिकटवली आहे: या जागेला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही, म्हणून महिनाअखेर परवाना संपतोय, तो पुन्हा मिळणार नाही, जागा रिकामी करावी, तिथे गाड्या लावायची सोय होणार आहे. ज्या दगडी हौदांवर माझ्या आईची आणि तिच्या आईची कोपरं झिजली, तिथे आता लोकांच्या गाड्या सावलीला उभ्या राहणार.

तर तो फोटो कसा निघाला, ते पहिल्यापासून सांगते. ज्यांना तुम्ही फक्त पोस्टरवर माहीत आहात त्यांच्यासाठी.

तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत रबराचे वॉशर. दारोदार फिरून गळके नळ दुरुस्त करायचा तुमचा धंदा. आमच्या हौदाचा कॉक गळत होता, तो तुम्ही नीट केलात आणि वर्षाच्या आत ताईशी लग्न ठरवलंत. आई शेवटपर्यंत सांगायची, "गळती बंद करायला आला आणि पोरगी घेऊन गेला." तुम्ही पण हसायचात. तेव्हा तुमच्या हसण्यात काही हिशेब नव्हता, हे मी कबूल करते.

मग दुकान. बाकीच्या दुकानांत नळ फळीवर टांगलेले असायचे, मेलेल्या माशांसारखे. तुम्ही भिंत बांधलीत. पांढऱ्या फरशांची भिंत, त्यावर ओळीनं चकचकीत नळ, आणि प्रत्येक नळ चालू. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्या आवाजानंच गार व्हायचं. भिंतीमागे एक टाकी, एक छोटा पंप. नळातून पडलेलं पाणी खालच्या नळीतून परत टाकीत आणि टाकीतून परत नळात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेच होते, "अहो दाजी, केवढं हे पाणी! बिल भरता भरता दुकान विकावं लागेल."

"वेडी आहेस," तुम्ही म्हणालात. "सोमवारपासून हेच पाणी फिरतंय."

भिंतीमागे असायची ताई. टाकीत बादलीनं पाणी घालायचं, वास येऊ नये म्हणून औषध टाकायचं आणि पंपाकडे कान ठेवायचा. पाणी कमी झालं की पंपाचा आवाज बदलायचा, घशात काही अडकल्यासारखा घरघरायला लागायचा. मग ताई हातातलं पोर खाली ठेवून बादली घेऊन धावायची. मागे घरघर झाली आणि पुढे नळ तुटक तुटक वाहायला लागला, तर गिऱ्हाईक गेलं. नोकरांना तुम्ही एकच शिकवण दिली होती: हात ओला केल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायचं नाही.

त्यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. तिथे लोक नळ विकत घ्यायला येत होते, पाणी नाही. दुकानात माल दाखवावाच लागतो. तुमचे नळ चांगले होते, माझ्या घरात तुमचाच आहे अजून.

पण गिऱ्हाईक तो नळ घरी नेऊन लावायचं, फिरवायचं, आणि नळातून फुस्स. दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचात, "नळ माझा, पाणी नगरपालिकेचं." हे उत्तर तुमच्या तोंडात इतकं बसलं की एक दिवस कुणीतरी चिडून म्हणालं, "मग नगरपालिकेत जाऊन बसा ना!" तुम्ही बसलात. आधी नगरसेवक. बाजारपेठेतले सडलेले पाइप तुम्ही खरोखर बदललेत, खड्ड्यात उतरून उभे राहिलात, बूट चिखलानं भरले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. लोकांनी नगराध्यक्ष केलं ते उगीच नाही. आमच्या धुलाईखान्यातल्या एकूण एक बाईनं तुम्हाला मत दिलं, आणि जिनं दिलं नसतं तिला मी ओढून नेलं.

आणि मग तुम्हाला एवढं शहर पुरेना. तुम्हाला संसद दिसायला लागली.

पक्षाचा मोठा नेता दौऱ्यावर येणार होता. तासभर थांबणार, शहरात काय केलं ते बघणार, आणि उमेदवारी कुणाला द्यायची ते ठरवणार. पाइप जमिनीखाली असतात, ते नेत्याला दाखवता येत नाहीत. दाखवायला काहीतरी वाहतं हवं होतं. तुम्हाला धुलाईखाना आठवला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: उतारावर मोकळं आवार, मध्ये विहीर, भोवती दगडी हौद, एका बाजूला पाणी तापवायची भट्टी, दुसऱ्या बाजूला इस्त्रीची खोली. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे रुमाल, टेबलांवरची कापडं, सगळं आमच्याकडे. कपड्याला निळीचा हात देणारी म्हातारी आहे तिला सगळे नीळवाली आत्या म्हणतात. खळ करणारी आहे ती खळवाली. मी हिशेब, भट्टी आणि भांडणं सांभाळते. आणि विहिरीचं पाणी हलकं. साबण नुसता दाखवला तरी फेस. शहराच्या दुसऱ्या अंगाचं पाणी जड, त्यात साबणाचा चोथा होतो, पांढरं कापड चार धुण्यांत पिवळं पडतं. आम्ही त्या पाण्यावर जगलोय, आमच्या हातांवर नाही. हात काय, सगळ्यांनाच असतात.

तुम्ही येऊन म्हणालात, "नगरपालिकेचा नळ देतो. रहाट ओढून खांदे गेले तुमचे. फक्त एक आहे, उघडी विहीर आणि सरकारी नळ एका आवारात चालत नाहीत. नियम आहे. विहीर बंद करावी लागेल."

आत्या म्हणाली, "आधी फेस दाखवा."

"म्हणजे काय आत्या! आधी पाणी, मग विहीर. मी दुकानदार माणूस आहे, माल दाखवल्याशिवाय पैसे मागत नाही."

"आणि जड पाणी निघालं तर?"

"तर विहिरीला हात लावला तर माझं नाव बदला."

नाव तुमचं बदललंच म्हणा. आता मंत्रिमहोदय म्हणतात.

समारंभाच्या आदल्या दिवशी नगरपालिकेची माणसं टँकर आणि हा जाडजूड पाइप घेऊन आली. म्हणाली, आवार धुवायचंय, मोठे लोक येणार आहेत. पाइप विहिरीत सोडला आणि पाणी ओढायला लागले. आवार धुतलंही त्यांनी, खोटं कशाला बोलू. दगड असे लखलखीत केले की खळवाली म्हणाली, "ह्यांना कामाला ठेवू या गं." आम्ही त्यांना चहा केला. जाताना टँकर जड चालत होता, उतारावर चाकं दबत होती. ते कुणाच्या लक्षात येणार?

आणि तो दिवस. आवाराच्या टोकाला पांढऱ्या फरशांची भिंत, त्यावर ओळीनं तुमच्या दुकानातले नळ. शेजारी व्यासपीठ. कर्ण्यावर गाणी इतकी मोठ्यानं की बाजूच्या बाईशी खुणेनं बोलावं लागत होतं. ताई दुसऱ्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून बसली होती. नेत्यानं नळ फिरवला. पाणी असं उसळलं की त्याच्या बाह्या भिजल्या. टाळ्या.

आत्यानं टाळी वाजवली नाही. ती उठली, गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेली, कनवटीतून साबणाचा तुकडा काढला. पोलीस पुढे आला तर त्याला म्हणाली, "बाजूला हो, मला काम आहे." तिनं हात भिजवले, साबण फिरवला, तळवे चोळले. तुम्ही व्यासपीठावर उभे होता, दाजी. मी तुमच्याकडे बघत होते. तुमच्या चेहऱ्यावर जराही चलबिचल नव्हती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं, आता चीड येते.

फेस आला. नुसता आला नाही, मनगटापर्यंत चढला. आत्यानं वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि वळून ओरडली, "अगं बायांनो, आपल्या विहिरीसारखंच आहे गं! डिट्टो!"

मग आम्ही सगळ्याच धावलो. कोपरापर्यंत फेस करून घेतला. खळवालीनं नेत्याच्या कोटाला फेस लावला आणि तोही हसला. बाजूला मुरमाचा ढीग तयार होता आणि नवीकोरी रंगीत घमेली. "चला भगिनींनो, पहिलं घमेलं तुमच्या हातचं," कर्ण्यावरून हाक आली. आम्ही हसत हसत टाकलं. फोटोवाले ओणवे झाले. उरलेलं काम ट्रकांनी दिवस मावळायच्या आत पुरं केलं.

विहिरीसारखंच म्हणे! विहिरीचंच होतं ते. आदल्या दिवशी आमच्यासमोर ओढून नेलेलं. आम्ही पाणी पारखायला शिकलोय, जगात दुसरं काही नसेल आलं पण ते येतं. आणि त्याच पारखीनं आम्हाला खड्ड्यात घातलं. पाणी वाईट असतं तर विहीर वाचली असती. तुम्ही आम्हाला चांगलं पाणी दाखवलंत, आमचंच.

दुसऱ्या दिवशी नळ फिरवला तर आतून नुसता वारा. वाटलं, दाब कमी असेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, दुरुस्ती चालू असेल. नगरपालिकेतला माणूस फोनवर म्हणाला, "येईल, येईल." खळवालीला धीर धरवेना, ती भिंतीला वळसा घालून मागे गेली आणि तिथूनच मला हाक मारली. मागे रिकामी टाकी. पंप नेलेला, नुसते बोल्ट आणि वायर. आणि मुख्य रस्त्याकडून यायला हवा होता तो पाइप? भिंतीतून हातभर बाहेर येऊन संपला होता. तोंडाला चिंधीचा बोळा.

तुमच्या दुकानात मी ती भिंत किती वेळा बघितली होती. पण दुकान म्हणजे दुकान आणि सरकार म्हणजे सरकार असं वाटायचं. तो फरक तुम्हीच मिटवलात.

तोवर तुम्ही उमेदवार झाला होता. शहरभर पोस्टर: फेसानं भरलेले आत्याचे हात, शेजारी तुम्ही, खाली "शब्द दिला, पाणी दिलं." आत्या पोस्टरखालून जाताना मान खाली घालायची. आम्ही नगरपालिकेत बोंब मारली तर म्हणाले, आचारसंहिता आहे, निवडणूक होऊ द्या. निवडणूक झाली तर म्हणाले, साहेब आता राजधानीत असतात. राजधानीत तुम्हाला पाणी खातं मिळालं. सगळ्या देशाचं पाणी! टीव्हीवर ते ऐकून खळवाली म्हणाली, "आता देशाच्या मागं पंप लावणार."

आम्ही टँकर विकत घेऊन धुतोय. जड पाणी. दवाखान्याच्या चादरी पिवळ्या पडल्या, तिथली मुख्य परिचारिका म्हणाली, "बाई, ही धुतलेली आहे की वापरलेली?" हॉटेलं गेली. बायका एकेक करून दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला लागल्या. आणि वरून आता ही नोटीस, की तुमच्याकडे पाण्याचा स्रोत नाही. ज्यांनी तो बुजवला तेच विचारतात, कुठे आहे?

म्हणून मी तुमच्या बंगल्यावर आले. तुमच्याकडे नाही, ताईकडे.

ताई मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत होती. घरात नोकर आहेत, मशीन आहे, तरी घड्या तीच घालते, आमच्याच पद्धतीनं, काठ आत.

"तुला काय हवंय ते मला माहितीये," ती मान वर न करता म्हणाली.

"मग सांग की."

"मला माहीत होतं गं."

"काय माहीत होतं? कधीपासून?"

"तिथंच. गाणं बदलताना कर्णा जरा थांबला ना, तेव्हा ऐकू आलं. पंप घरघरत होता. टाकीतलं पाणी संपत आलं होतं. माझे पाय आपोआप उठले, बादली कुठंय बघायला."

"आणि?"

"आणि आत्याच्या हातावर फेस होता. सगळे हसत होते. तूही. मी बसले खाली."

मला तिचा राग आला. तिच्या हातातला टॉवेल मी ओढून घेतला. "एक शब्द बोलली असतीस तर!"

"मला वाटलं, पाणी मागून येईल," ती म्हणाली. "दुकानात नाही का, आधी भिंतीवर एक नळ दिसायचा आणि माल मागून यायचा. यायचा की नाही? एवढी वर्षं यायचाच. मला वाटलं, हेही तसंच."

"आणि ते पाणी आमच्याच विहिरीचं होतं."

"ते नंतर कळलं. टँकरचा ड्रायव्हर इथं जेवताना सांगत होता. हसत होता मेला."

"सुनावणी आहे नगरपालिकेत. तिथं येऊन एवढंच सांग."

ती काही बोलायच्या आत तुम्ही आलात. मागे तुमचा सचिव, दोन फोन घेऊन.

"अरे वा, मेहुणीबाई! आज इकडे कुठे वाट चुकलात? जेवून जायचं हं."

"दाजी, विहिरीचं बोलायला आलेय."

"झालं का परत सुरू! अगं, देशातल्या नद्या माझ्या टेबलावर आहेत. तुझ्या एका विहिरीवर किती बोलायचं?"

"एकच वाक्य. नळाला पाणी कधी नव्हतंच, एवढं संसदेत सांगा."

"नव्हतं कसं? तूच हात धुतलेस की."

"ते आमच्या विहिरीचं पाणी होतं."

तुम्ही सचिवाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "मग तर तक्रारच मिटली. तुझंच पाणी तुला दिलं, कुणाचं चोरून नाही दिलं."

सचिव हसला. त्याला हसायचा पगार मिळतो. ताई नाही हसली.

मग तुम्ही आवाज खाली आणलात, घरातला केलात. "हे बघ, ते हौद-बिऊद सोड आता. सरकारी अतिथिगृहात मोठी मशीनं येतायत. तुला तिथं देखरेखीला लावतो. सावलीत काम, महिन्याचा पगार."

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं बघू."

"आत्याचं काय बघणार? तिचे हात तुमच्या पोस्टरवर आहेत, तिला निदान पोस्टरचा पगार द्या."

"तू फार बोलतेस."

"लहानपणापासून. तुम्हाला आवडायचं ते, वॉशर विकत होतात तोवर."

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहीत नाही. मी जेवले नाही आणि निघाले.

सुनावणी नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात होती. अधिकारी तरुण, घामेजलेला, समोर आमची फाइल आणि फाइलवर तो फोटो. आम्ही भिंतीकडेला बाकावर. त्यानं वाचून दाखवलं: स्रोत नाही, विहीर स्वखुशीनं बंद केली, पुरावा फोटो. "काही म्हणायचंय?"

मी सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. म्हणाला, "टाकीत तेच पाणी होतं याला साक्षीदार?"

तेवढ्यात दार उघडलं. ताई आली. एकटीच, रिक्षानं, कपाळावर घाम. ती पुढच्या खुर्च्यांकडे गेली नाही, आमच्या बाकावर येऊन बसली. आत्यानं सरकून जागा दिली.

अधिकारी ताडकन उभा राहिला. "वहिनी! तुम्ही? अरे, खुर्ची आणा वहिनींना! पंखा वाढवा!"

"खुर्ची नको," ताई म्हणाली. "लिहून घ्या. त्या भिंतीमागे पंप होता. मी तो आवाज ओळखते, माझी वर्षं त्या आवाजामागे गेली. पाणी नगरपालिकेचं नव्हतं."

अधिकाऱ्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि खाली ठेवलं. "वहिनी, हे घरचं आहे. घरी बोललात तर बरं."

"घरचं असतं तर घरीच बोलले असते. विहीर काय माझ्या स्वयंपाकघरात होती?"

"तसं नाही, पण मंत्रिमहोदयांच्या पत्नीचं म्हणणं नोंदवायचं म्हणजे... मला वरून विचारावं लागेल."

"वरून म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

त्यानं नकळत वर बघितलं. आत्या म्हणाली, "वर पंखा आहे. विचारा त्याला."

सगळ्या हसल्या, शिपाईसुद्धा. अधिकारी हसला नाही, बिचाऱ्याला घरी बायकामुलं असतील. ताईचं म्हणणं त्यानं लिहिलं नाही. निकाल तोच: महिनाअखेर पाण्याचा स्रोत दाखवा, नाहीतर जागा सोडा.

"मग विहीर परत उपसतो," मी म्हणाले. "मुरूमच तर आहे. आमच्या हातांनी बुजली म्हणता ना, आमच्याच हातांनी मोकळी करतो."

"तसं नाही करता येणार, बाई. बुजवलेली विहीर उघडायला परवानगी लागते. न घेता खणलं तर गुन्हा आहे."

"कोण देतं परवानगी?"

त्यानं एक कागद उलटसुलट केला, जणू त्यावर दुसरं काही लिहिलेलं सापडेल. "नवीन नियम आहे. आधी आमच्याकडेच होतं. आता देशाच्या पाणीमंत्र्यांच्या सहीनं मिळते."

ताईनं डोळे मिटले.

दाजी, हा नियम तुम्हीच केलात. कशासाठी केलात मला माहीत नाही. कदाचित आमच्यासाठी नसेलही, तुमच्या टेबलावर नद्या आहेत, आमची विहीर कुठल्या तरी कागदाखाली सहज चिरडली असेल. मला त्यानं काही बरं वाटत नाही.

अर्ज केला. सगळ्यांनी सह्या केल्या, आत्यानं अंगठा. तुमच्या खात्याकडून एक ओळ आली: आपला अर्ज विचाराधीन आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा मी तुमच्या सचिवाला फोन केला तर म्हणाला, "कौटुंबिक संबंध असल्यामुळे साहेबांनी या प्रकरणापासून स्वतःला दूर ठेवलं आहे." वा! फोटो फडकवताना कुटुंब आड आलं नाही. सही करताना आलं.

ताई परत तुमच्याच घरी गेली. तिची औषधं तिथं आहेत, नातवंडं तिथं आहेत, तिला मी दोष देणार नाही. ऐकते की तुम्ही तिच्याशी बोलत नाही. तुमचा संसार, तुम्ही बघा. पण तिनं जे सांगितलं ते खोटं आहे असं तुम्ही अजून एकदाही म्हणाला नाहीत. संसदेत नाही, पेपरात नाही, घरातही नाही. म्हणजे खरं आहे. मग खऱ्याला इतका वेळ कशाला लागतो?

विहिरीच्या जागेवर गवत वाढलंय. काल आत्यानं तिथं काठी ठोकून बघितली, माती खचलेली, मऊ आहे. ती म्हणते पाणी अजून आहे खाली, जाणार कुठे. पहारी आम्ही आणून ठेवल्यात. बायका भांडी घासायची कामं आटोपून आवारात येऊन बसतात, एकमेकींकडे बघतात, आणि पहारीला हात लावत नाहीत. आम्ही तुमच्यासारख्या नाही, आम्हाला गुन्ह्याची भीती वाटते. एकीला जरी पोलीस घेऊन गेले तरी तिच्या घरची चूल बंद होते.

तुम्ही म्हणाल, मेहुणी तोंडाळ आहे, घरचं भांडण चव्हाट्यावर आणते. आणते. घरात तुम्ही ऐकलं नाहीत, कचेरीत तुमच्या माणसानं लिहून घेतलं नाही, आता चव्हाटाच राहिला.

महिनाअखेर फाटकाला कुलूप घालायला माणसं येणार आहेत. गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघांचा रंगही आलाय, डबे फाटकाशी ठेवलेत. तेव्हा आता समजावणी नको, 'बघू' नको, 'विचाराधीन' नको. नगरपालिकेच्या पोराला पुढे करू नका, सचिवाला फोन देऊ नका. मी तुम्हाला, पाणीमंत्र्यांना, सगळ्यांसमोर विचारतेय: आम्ही आमची विहीर उपसायची की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण तुमच्या सहीनं म्हणा, आणि कुलूप लागायच्या आधी म्हणा.